क्रमांक एकाने वाढवावा

२ फेब्रुवारी

ऑगस्टनंतर या वहीत एक ओळही नाही. क्षमा मागायची तर कुणाची, हा प्रश्नच आहे. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही आणि मीही क्वचितच उघडतो. तरी मागतो. मधल्या काळात लिहिण्यासारखं बरंच घडलं, पण लिहिलं असतं तर स्वतःकडे नीट बघावं लागलं असतं, म्हणून टाळलं. (हे वाक्य उगाच भारदस्त झालं. खरं कारण आळस.)

आज लिहायला बसलो, कारण मन थाऱ्यावर नाही. महिला महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेच्या मानांकन समितीचा सचिव म्हणून माझं हे तिसरं वर्ष. सोळा संघांना वर्षभराच्या कामगिरीवरून एक ते सोळा क्रमांक द्यायचे आणि मग चार-चार संघांचे चार विभागीय गट पाडायचे. पहिल्या चार क्रमांकांच्या संघांना आपापला गट स्वतःच्या मैदानावर भरवायला मिळतो. बाकीच्यांनी पिशव्या भरायच्या आणि निघायचं. मी संख्याशास्त्र शिकवतो आणि माझ्या कॉलेजात बास्केटबॉलचा संघच नाही, या दोन गुणांवर माझी नेमणूक झाली.

अडचण एकच. या सोळांतल्या आमच्या गावच्या मुलींच्या कॉलेजच्या संघाची प्रशिक्षक म्हणजे आमची ही. अकरा वर्षं ती संघ घडवते आहे आणि अकरा वर्षांत एकदाही तिच्या मैदानावर गट भरलेला नाही. मागची दोन वर्षं तिचा संघ अकरावा आणि नववा होता, त्यामुळे माझ्या सचोटीची कुणी परीक्षा घेतली नाही. यंदा त्यांनी अठरापैकी चौदा सामने जिंकलेत. आकडे तीनदा तपासले. चौथा क्रमांक येतो.

चौथ्यांदा तपासले. चौथाच.

३ फेब्रुवारी

हितसंबंधांचा जाहीरनामा भरला. हा नमुना गेल्या वर्षी मीच तयार केला होता आणि आज तो मलाच चावला. रकाना पाच: 'संबंधित व्यक्तीशी असलेली जवळीक: दूरची / मध्यम / निकटची.' 'निकटची'वर खूण केली तर सचिवपद सोडावं लागतं. ती तळटीपही माझीच. 'दूरची' लिहिणं धादांत खोटं. शेवटी भावनेला बाजूला ठेवून मोजमाप केलं. गेल्या सात दिवसांत आमचं बोलणं सरासरी रोज एकवीस मिनिटं झालं. त्यातली नऊ मिनिटं पाण्याची टाकी आणि कन्येचा गृहपाठ. 'मध्यम'वर खूण केली. झोप छान लागेल असं वाटतं.

जाहीरनामे कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावायचे असतात. पारदर्शकता. सूचना माझीच.

५ फेब्रुवारी

जेवणाच्या टेबलावर सोळा चिठ्ठ्या मांडल्या आणि वरून चादर घातली. एकाच गावचे दोन संघ एका गटात नकोत, कुठल्याही संघाला अडीचशे किलोमीटरच्या पुढे पाठवायचं नाही, पहिल्याच्या गटात दुबळे संघ कोंबायचे नाहीत. एक चिठ्ठी हलवली की तीन हलतात.

कन्या (वय बारा) शाळेतून आली आणि दारातच थबकली. "बाबा, टेबलावर कुणी वारलंय का?"

"समितीचं गोपनीय काम आहे."

"जेवायचं कुठे?" हिने आतून विचारलं.

"पलंगावर बसू. आठवड्याचा प्रश्न आहे."

"अहो, तुमच्या चिठ्ठ्यांत मला काडीचा रस नाही. मला ताट ठेवायला चार बोटं जागा हवी."

इतका ठाम नकार ऐकून शंका आलीच. रात्री चादरीच्या कडेवर एक केस ठेवला. केस माझाच, डोक्यावर इतके थोडे उरलेत की एकाचाही हिशेब लागतो.

६ फेब्रुवारी

सकाळी केस गायब. शिवाय ही फोनवर कुणाला तरी विचारत होती, "बाकं किती आहेत तुमच्याकडे? चाळीस तरी लागतील हो. टोपलीमागे नवी फळी बसलीय, मैदानाच्या कडेने दोन रांगा मावतील." म्हणजे चौथा क्रमांक तिला कळला आहे! त्याशिवाय कुणी बाकं गोळा करेल?

नंतर लक्षात आलं, पंखा रात्रभर चालू होता. संशय घेतल्याची नोंद करून ठेवतो. बाकांचं मात्र कोडं आहे.

७ फेब्रुवारी

पहिली बैठक. समिती तिघांची. अध्यक्ष म्हणजे निवृत्त पंच; तीस वर्षं शिट्टी फुंकल्यामुळे अजूनही तेवढ्याच लांबीची वाक्यं बोलतात. चार दिवसांनी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. दुसऱ्या सदस्य एका कॉलेजच्या क्रीडाशिक्षिका. कुठलीही गोष्ट अगदी मुळापासून सांगतात म्हणून सगळे त्यांना बाराखडी मॅडम म्हणतात. त्यांचा संघ सोळावा आहे. त्या बाहेर गेल्या, अध्यक्ष म्हणाले, "सोळावा?" मी म्हणालो, "सोळावा." त्या आत आल्या.

माझं इतकं सोपं नव्हतं. हिच्या संघाची चर्चा निघाली की बाहेर जाणं आलंच. पण पाचव्याची चर्चा म्हणजे चौथ्याचीच चर्चा. तिसऱ्याचीही तीच गत. सहाव्यालाही मी उठलो तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "कुठे?"

"सहावा पाचव्यावर गेला तर पाचवा चौथ्याला ढकलू शकतो, सर."

"जा."

बाहेर कार्यालयातल्या मावशी स्टुलावर बसल्या होत्या. माझी चौथी खेप बघून म्हणाल्या, "आज फारच मस्ती केलीत का? शाळेत आम्हालाही असंच बाहेर काढायचे."

आकड्यांची फाइल माझ्याकडे आणि मी बाहेर, त्यामुळे दाराखालून चिठ्ठ्या येऊ लागल्या. 'सातव्याची सरासरी?' मी उत्तर लिहून आत सरकवलं. 'अक्षर लागत नाही.' पुन्हा लिहिलं. बैठक साडेचार तास चालली, मी आत पन्नास मिनिटं होतो. कुणालाही माझ्याकडे बोट दाखवता येणार नाही.

९ फेब्रुवारी

ही बोलेनाशी झाली आहे. काल ती खेळाडूंची यादी द्यायला समितीच्या कार्यालयात गेली होती, तेव्हापासून. फलकावर नियमावलीची नवी प्रत लावली आहे. तिच्यातलं कलम नऊ (बदली खेळाडूंची संख्या) तिला जाचलं असावं. सरासरी घसरून चार मिनिटांवर आली.

जेवताना म्हणाली, "मीठ देता का? मध्यम द्या."

मध्यम म्हणजे किती ते कळलं नाही. अर्धा चमचा दिला. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी अजून चिमूटभर टाकलं.

१० फेब्रुवारी

दुसरी बैठक. बहुतेक वेळ मावशींबरोबर. त्यांच्या सुनेला दिवस गेलेत आणि गुडघा पूर्वीपेक्षा बरा आहे.

पाच वाजता दार उघडलं. अध्यक्ष घाईत होते, उद्या सकाळी ऑपरेशन. मॅडमनी लिहिलेली आणि अध्यक्षांनी सही केलेली चिठ्ठी माझ्या हातात दिली. पक्षपात नको म्हणून संघांची नावं घ्यायची नाहीत, क्रमांकानेच बोलायचं, असा आमचा नियम आहे (सूचना: मी). चिठ्ठीवर एवढंच होतं:

'क्र. ४ : शेवटच्या सहा सामन्यांतली कामगिरी पाहता क्रमांक एकाने वाढवावा. बाकी यादी कायम.'

जिन्यात उभं राहून पाच वेळा वाचली. क्रमांक चार एकाने वाढवला की काय होतं? मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. चार अधिक एक.

११ फेब्रुवारी

दिवस वाईट गेला.

हिच्या संघाने शेवटचे सहाही सामने जिंकलेत. म्हणजे 'वाढवावा' याचा अर्थ वर चढवावा, तीन करावा, असा घेता येतो. पण तो अर्थ मला सोयीचा आहे, आणि सोयीचा अर्थ पहिल्यांदा सुचला यातच पक्षपात आला. उलट गणिताने वाढ म्हणजे अधिक. कामगिरी 'पाहता' म्हणजे चांगली पाहता की वाईट, तेही लिहिलेलं नाही. अध्यक्ष दवाखान्यात, डोळ्यावर पट्टी, फोन बंद. मॅडमना विचारावं, तर 'पत्नीच्या संघाबाबत सचिवाने सदस्याशी खासगीत संपर्क साधला' असं होतं. कलम सात. कलम कुणाचं ते लिहीत नाही.

कोणत्याही संघाचं नाव न घेता कन्येला विचारलं, "वर्गात तुझा नंबर चारावरून तीन झाला, तर तो वाढला की कमी झाला?"

"माझा चौथा कधी आला? मला काय विचारता?"

मावशींनाही सहज म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "दवाखान्यात रांगेला बसलात की नंबर वर सरकतो आणि आकडा खाली येतो. त्यात काय एवढं? वाढवा म्हणजे पुढे घ्या." पण मावशी समितीच्या सदस्य नाहीत.

शेवटी असं ठरवलं: शंका असेल तिथे आपल्या माणसाविरुद्ध निर्णय द्यावा. म्हणजे कुणी बोलायला नको. चार अधिक एक, पाच. पाचवं होतं ते डोंगराकडचं कॉलेज आता चौथं. गट त्यांच्या मैदानावर, आणि पाचव्याने तिथे खेळायला जायचं. अंतर दोनशे दहा किलोमीटर. मर्यादेत बसतं.

१२ फेब्रुवारी

सकाळी अकरा वाजता यादी फलकावर लावली. टेबलावरची चादर काढली. पलंगावरच जेवलो, सवयीने.

हिने यादीबद्दल चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी डोंगराकडच्या कॉलेजच्या प्रशिक्षकांना फोन करून अभिनंदन केलं. आवाज अगदी नेहमीचा होता. मग त्या बाकंवाल्याला फोन केला. "नको आता. नाही, नाही, तुमचं काही चुकलं नाही."

मला वाटलं होतं त्यापेक्षा तिने हे सहज घेतलं. खिलाडूवृत्ती यालाच म्हणत असावेत.

१३ फेब्रुवारी

खिलाडूवृत्ती नाही. न्हाणीघरात नळ सोडून रडत होती. कन्या म्हणाली, "बाबा, तुम्ही टाकी भरायला जा." भरलेली होती. तरी गेलो.

१५ फेब्रुवारी

दुपारी एक वाजता अध्यक्षांचा फोन. पट्टी निघाली आणि पहिली गोष्ट त्यांनी यादी वाचली.

"पाचवा कसा?"

"तुम्हीच वाढवायला सांगितलंत, सर."

"वाढवायला! वर! पगार वाढवतात तसा!"

"पगार वाढला की आकडाही वाढतो, सर."

"मग बढती! बढती मिळाली की माणूस काय... कितव्या मजल्यावर..." इथे त्यांची स्वतःचीच गाडी अडली. मग म्हणाले, "सहाच्या सहा जिंकल्यात पोरी. त्यांना मी खाली ढकलीन? तीस वर्षं पंच होतो मी!"

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी यादी पाहिली आणि मला आधी असं वाटलं, की मानांकन म्हणजे मुळात काय..." सात मिनिटांनी मुद्दा आला: माझं आणि अध्यक्षांचं परस्पर काही ठरलं असेल, असं त्या समजल्या.

जाहीर झालेली यादी बहात्तर तासांनंतर बदलता येत नाही. फोन आला तेव्हा चौऱ्याहत्तर तास झाले होते. मुदतीचं कलम मागच्या वर्षी मी मांडलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

अध्यक्षांना एक वाट दिसते आहे. टंकदोष कधीही दुरुस्त करता येतो. परवाच्या बैठकीत मी फक्त म्हणायचं, तीनच्या जागी चुकून पाच पडला. डोंगराकडचे पुन्हा पाचवे होतील, हिच्या मैदानावर गट भरेल. "एक शब्द," अध्यक्ष म्हणाले. "टंकदोष. म्हणा आणि सुटा."

१६ फेब्रुवारी

संध्याकाळी हिला सगळं सांगितलं. चिठ्ठी दाखवली. ती बुटांच्या नाड्या सोडत होती, तशीच थांबली.

"तुम्हाला अर्थ कळला होता का?"

नव्हता, असं म्हणायला तोंड उघडलं.

"कळला होता," मी म्हणालो.

"आणि?"

"लोक काय म्हणतील असं वाटलं."

"म्हणजे तुमचे हात स्वच्छ राहावेत म्हणून माझ्या पोरींनी दोनशे दहा किलोमीटर जायचं. परकी कुणी प्रशिक्षक असती तर तिला तीन दिला असतात ना? बायको आहे म्हणून पाच. आणि वर जगाला काय सांगायचं, तर जवळीक मध्यम! अहो, एकोणीस वर्षं झाली. तुमच्या त्या फलकासमोर माझ्या कॅप्टनने वाचलं ते, मोठ्याने."

तर ते कलम नऊ नव्हतं.

मी एकवीस मिनिटांची सरासरी सांगायला लागलो आणि अर्ध्या वाक्यात थांबलो. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं वेळेवर थांबलेलं वाक्य असावं.

"तक्रार तरी करायचीस," मी म्हणालो. "बहात्तर तास होते."

"तक्रारीचा अर्ज सचिवांकडे द्यायचा असतो. सचिव माझ्यासमोर बसून नखं कापत होते."

मग टंकदोषाचं विचारलं. म्हणाली, "ते तुम्ही ठरवा. मला विचारू नका, नाहीतर उद्या तेही माझ्या नावावर लिहाल. एकच करा. जे काही होईल ते मला फलकावरून कळायला नको. येऊन सांगा. मैदानावर. रस्ता माहीत आहे ना?"

हो म्हणालो. तीन वर्षांत निःपक्षपातीपणा म्हणून तिकडे फिरकलो नाही. नवं फाटक कुठल्या बाजूला झालंय ते माहीत नाही. आपण होऊन विचारायची लाज वाटली.

१७ फेब्रुवारी

सविस्तर लिहितो, उद्या सोयीचं आठवायला नको.

विषय निघाला तसा मी सवयीने उठलो. अध्यक्ष म्हणाले, "कुठे?"

"माझ्या चुकीची चर्चा आहे, सर. मी बाहेर..."

दार उघडलं तर मावशी समोरच बसलेल्या. "आज इथे जागा नाही," त्या म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं.

परत आलो. अध्यक्ष एका डोळ्याने रोखून बघत होते. मॅडम पहिल्यांदाच गप्प होत्या. टंकदोष हा शब्द अक्षरशः जिभेवर होता. तो उच्चारला असता तर हिला न्याय मिळाला असता. पण आपल्या गैरसोयीचा अर्थ धरला तर आपण सच्चे ठरू, या हिशेबाने मी पाच लिहिला होता. बोट घसरलं नव्हतं. आता सोयीचं खोटं बोललो असतो, तर दोन्ही वेळा मीच वाचलो असतो. पहिल्यांदा लोकांच्या तोंडातून, दुसऱ्यांदा हिच्या.

"टंकदोष नाही," मी म्हणालो. "मला अर्थ कळला होता. मी भ्यालो."

मग मॅडम म्हणाल्या, "हे इतिवृत्तात कसं लिहायचं?"

"जसं म्हणालो तसंच," मी म्हणालो आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: 'सचिवांनी अर्थ माहीत असूनही भीतीपोटी चुकीचा क्रमांक लावला.' यादी कायम राहिली. सचिवपद सोडून कपाटाच्या किल्ल्या मॅडमकडे दिल्या. अध्यक्ष म्हणाले, "मूर्ख आहात." आणि मग, "जा. सांगा तिला."

खरं बोलूनही अन्याय जिथल्या तिथे राहिला. यातही माझा काही डाव होता का, हे दिवसभर तपासतो आहे. निकाल लागत नाही.

नवं फाटक मागच्या बाजूला आहे. मी जुन्या फाटकापासून कुंपणाला धरून पूर्ण चक्कर मारली आणि ती बारा मुलींनी पाहिली. हिने सराव थांबवला. मी सगळ्यांसमोर सांगितलं: यादी बदलणार नाही, चूक माझी आहे, आणि ती अजाणता झालेली नाही.

ही काही क्षण नव्या फळीकडे बघत राहिली. पांढरी, कोरी फळी. तिच्यासाठी तिने अकरा वर्षांत किती अर्ज केले ते मला माहीत आहे, त्यातल्या दोन अर्जांचं शुद्धलेखन मी सुधारून दिलं होतं. मग ती वळली.

"पिशव्या भरा गं. डोंगराकडे जायचंय. तिसऱ्या क्रमांकाचा खेळ पाचव्या क्रमांकावरून खेळायचा, एवढाच फरक."

मुलींनी एकसुरात "शी!" म्हटलं. सगळ्यांत उंच जी होती, तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मॅडम, हेच का ते मध्यम?"

"हेच."

सगळ्या खो-खो हसल्या. ही हसली नाही. पण शिट्टी तोंडात धरलेली होती आणि ती बारीकशी वाजली.

मी निघालो तर म्हणाली, "कुठे? इथे या. टोपलीखाली हात वर करून उभे राहा. आम्हाला अडवणारा माणूस हवाय, तुम्हाला सवय आहे."

चाळीस मिनिटं उभा होतो. चेंडू कानावर दोनदा, चष्म्यावर एकदा. अडवला एकही गेला नाही. शेवटी धापा टाकत विचारलं, "बसमध्ये जागा आहे का?"

"मला काय विचारता? संघाला विचारायला हवं." तिने खरोखरच मतदान घेतलं. नऊ विरुद्ध तीन. तिघींचं म्हणणं, यांचे पाय फार मध्ये येतात. त्यांचा आक्षेप वस्तुनिष्ठ होता. मी तसं म्हणालो, तर ही म्हणाली, "आता गप्प बसा आणि चेंडू गोळा करा."

उद्या: बसवाल्याला फोन करून सांगणे. कन्या धरून चौदा नव्हे, पंधरा.